व्हिडिओ थांबवून बघणाऱ्या बाबांना

पत्र, थोडक्यात: ताई, मी भांडुपला राहतो, फोर्टमध्ये एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा. शब्द मोजकेच, तेही मनात आलं तर. हाक मारली की कधी बघतो, कधी नाही. पंख्याकडे बघत बसतो, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पळतो. प्लेग्रुपच्या टीचरनी सुचवलं म्हणून एका बालविकास केंद्रात असेसमेंट करून घेतली. रिपोर्ट गणपतीनंतर समोर बसवून सांगणार आहेत. मधले दिवस जात नाहीत. ऑफिसात आकडे चुकतात. घरी जाताना लोकलमध्ये त्याचे जुने व्हिडिओ काढतो आणि जिथे तो कॅमेऱ्याकडे बघतो तिथे थांबवून बघत राहतो. आई म्हणते, तूही उशिराच बोललास, डॉक्टर उगाच घाबरवतात. आणि बायकोने मोबाइल दिला म्हणून झालं, असंही म्हणते. बायको गप्प असते. मला स्वतःला एमएमआरच्या, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या, इंजेक्शनचा संशय येतो. एका मित्राने स्टेम सेलवाल्यांचा, म्हणजे मूळ पेशींचे उपचार करणाऱ्यांचा, पत्ता पाठवलाय. ऑटिझम (स्वमग्नता) निघाला तर काय करायचं, आणि यंदा गणपतीला कणकवलीला जायचं की नाही, एवढं सांगा. नाव छापू नका.

नमस्कार. नाव छापलेलं नाही. मुलाला आपण इथे छोटू म्हणू.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी त्या व्हिडिओंबद्दल बोलू. मला वाटतं, हा प्रकार लोकलपुरता राहिलेला नसणार. दारात चपला काढता काढता तुम्ही हाक मारत असाल. तो वळला नाही की जरा थांबून पुन्हा, थोड्या वरच्या पट्टीत. जेवताना 'काऊ कुठेय, दाखव', झोपताना 'बाबा म्हण'. आजीचं तेच, आईचं तेच. एका वन बीएचकेत तीन परीक्षक आणि परीक्षार्थी एकटा. आणि छोटूच्या बाजूने बघा: हाकेला वळून बघितलं की पुढे काहीच होत नाही. फक्त मोठ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि ते पुन्हा आपापल्या कामाला लागतात. मग त्याने वळायचं कशासाठी?

ही परीक्षा आजपासून बंद करा. असेसमेंट करायची ज्यांची जबाबदारी होती त्यांनी ती केली आहे. पुढचे तीन-चार आठवडे हाक तेव्हाच मारा, जेव्हा हाकेमागे त्याच्यासाठी काहीतरी असेल. नाव घ्या आणि गुदगुल्या करा. नाव घ्या आणि खाली फिरायला न्या. नाव घ्या आणि केळं सोला. नुसतं तपासायला हाक मारायची नाही, आणि हा नियम आजीलाही लागू.

व्हिडिओ बघणं मात्र मी बंद करायला सांगणार नाही. बघायची जागा बदला. सध्या तुम्ही बघता तो त्याचा चेहरा, नजर मिळाली का नाही. त्यातून तुम्हाला उत्तर मिळणार नाही, कारण ऑटिझम असलेली मुलंही बघतात, हसतात, गळ्यात पडतात. नजर कमी मिळणं ही अनेक खुणांपैकी एक, आणि तीही दिवसागणिक, माणसागणिक बदलणारी. एका थांबवलेल्या फ्रेमवरून होय ठरत नाही आणि नाहीही ठरत नाही.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला 'पास' नावाचा एक अभ्यास आहे. आपल्या शेजारच्या गोव्यातली आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीची मिळून ६५ ऑटिस्टिक मुलं त्यात होती. काम केलं ते प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी, मोठ्या डॉक्टरांनी नव्हे. आईबाप मुलाशी खेळतायत त्याचा छोटा व्हिडिओ काढायचा आणि मग त्यांच्यासोबत बसून तो बघायचा. शोधायचं काय, तर मुलाने स्वतःहून काही केलं, म्हणजे वर बघितलं, हात धरून ओढलं, आवाज काढला, तर त्याच्या जरासं आधी मोठ्या माणसाने काय केलं होतं. काही महिन्यांत आईबाप मुलाच्या कलाने जास्त घ्यायला लागले आणि मुलंही आपणहून जास्त संवाद सुरू करायला लागली. ऑटिझम गेला, असा दावा कोणी केला नाही, तो उद्देशही नव्हता. पण पद्धत बघा: तोच मोबाइल, तेच थांबवून बघणं.

समजा, छोटू स्टीलचं झाकण फरशीवर गरगर फिरवतोय. तुम्ही जवळ बसलात, डब्याचं दुसरं झाकण घेतलंत आणि त्याच्यासारखंच फिरवलंत. 'हे काय आहे सांग' म्हणाला नाहीत, काहीच बोलला नाहीत. तुमचं झाकण खणखणत आडवं पडलं आणि त्याने एकदा झाकणाकडे, एकदा तुमच्याकडे बघितलं. आता व्हिडिओ त्या नजरेवर थांबवू नका. थोडा मागे न्या. तुम्ही गप्प होतात, खाली बसला होतात, त्याच्याच खेळात होतात. हे उद्या पुन्हा करता येतं. असे क्षण आठवड्याला दोन सापडले तरी बास. ते बायकोला दाखवा आणि रिपोर्टच्या भेटीला जाताना सोबत न्या. थेरपिस्टला तुमच्या शंभर शंकांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल.

आता रिपोर्टचं. ऑटिझमसाठी रक्ताची तपासणी नसते, एमआरआयमध्ये तो दिसत नाही. मुलाचं निरीक्षण, आईबापांकडून घेतलेली माहिती, प्रश्नावल्या, प्लेग्रुपमधलं वागणं, हे सगळं डॉक्टर, मानसतज्ज्ञ, स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं, हालचाली जमाव्यात म्हणून थेरपी देणारे) यांनी एकत्र बसून जुळवायचं असतं. त्याला वेळ लागतो. उशीर म्हणजे वाईट बातमी, असा अर्थ काढू नका.

तुम्ही दोनच निकाल धरून बसलाय, आहे किंवा नाही. प्रत्यक्षात ऑटिझम निघू शकतो, नुसता भाषेचा उशीर निघू शकतो, एकूणच विकासात उशीर निघू शकतो. आणि 'आत्ता नक्की सांगत नाही, थेरपी सुरू करा, सहा महिन्यांनी पुन्हा बघू' असंही सांगतात. या शेवटच्या उत्तराला कोणीच तयार नसतं. आईबाप तिथून सुटकेचा निःश्वास टाकून निघतात आणि थेरपी राहून जाते, किंवा चिडून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात आणि सगळं पहिल्यापासून. तसं सांगितलंच, तर पुढच्या तपासणीची तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

तुम्ही अकाउंट्सचे, तेव्हा रिपोर्टमध्ये आकडा दिसला की डोळे तिथेच जाणार. आपल्याकडे आयएसएए ही ऑटिझमची भारतीय मोजपट्टी वापरतात, सरकारी प्रमाणपत्रालाही तीच लागते. तिच्यात ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण. म्हणजे शून्य कोणालाच मिळत नाही, तुम्हाला-मला सोडवायला दिली तरी किमान ४० येणारच. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. हे आकडे आज त्याला मदत किती लागते ते सांगतात. विसाव्या वर्षी तो कसा असेल हे तीन वर्षांच्या मुलाबद्दल कोणीही सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून लांब राहा. काही मुलं पुढे शिकतात, नोकरी करतात, एकटी लोकलने फिरतात. काहींना आयुष्यभर कोणाची तरी साथ लागते. रात्री दोनला 'माझ्यामागे त्याचं कोण' हा प्रश्न पडत असेल, पत्रात लिहिलं नसलंत तरी. प्रश्न खरा आहे. पण तो सोडवायला पंधरा वर्षं हातात आहेत आणि १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात अठरा वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वाची तरतूद आहे. या महिन्यात तो फायलीत राहू द्या.

पत्रात कानाच्या तपासणीचा उल्लेख नाही. झाली नसेल तर ती आधी करून घ्या. कुकरची शिट्टी ऐकू येते म्हणजे कान चांगले, असं धरू नका. ठळक आवाज कळतात पण बोलण्यातले बारीक आवाज निसटतात, असंही असतं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत ही तपासणी होते. लहान मुलांची बेरा तपासणी (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते बघणारी) झोपेत करतात, त्यामुळे सकाळी त्याला जरा लवकर उठवून नेलंत तर बरं, म्हणजे तिथे झोपेल.

थेरपीला रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. बोलणं कमी आहे, आवाज सोसत नाहीत, एवढं पुरेसं आहे. खासगी फी झेपत नसेल तर केईएम, सायन आणि नायर या तिन्ही पालिका रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत, आणि नायरला स्पीच थेरपीचं कॉलेजही आहे. रांग असते, सकाळचा अर्धा दिवस जातो, हे धरून चला. खासगीत जाणार असाल तर स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचा पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक मागा. खरी माणसं तो आनंदाने देतात.

आता घर. तुमच्या आईचं म्हणणं पूर्ण सोडून देण्यासारखं नाही. उशिरा बोलणारी काही मुलं खरोखरच बाकीच्यांना गाठतात, आणि तुम्ही उशिरा बोललात ही माहिती डॉक्टरांच्या कामाची आहे. सांगितली नसेल तर सांगा. पण त्यावरून 'वाट बघा' हा सल्ला निघत नाही. उशीर आपोआप भरून निघणार असेल तर थेरपीने काही बिघडत नाही. निघणार नसेल तर वाट बघण्यात गेलेलं वर्ष कोणी परत देत नाही.

मोबाइलचं म्हणाल, तर 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द रील्समध्ये फार फिरतो, निदानाच्या कोणत्याही अधिकृत यादीत तो नाही. मोबाइलने ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. त्यात जास्त वेळ गेला की बोलण्याखेळण्याचा वेळ कमी होतो, म्हणून तो कमी करा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा सांगितली आहे, तीही मोठं माणूस सोबत असताना. एवढं पाळा आणि विषय संपवा. ऑटिझममध्ये जनुकांचा वाटा मोठा आहे. आईने काय केलं, काय नाही केलं, याच्याशी तो जोडायची जुनी सवय वैद्यकशास्त्रालाही होती. पन्नास-साठच्या दशकांत डॉक्टर थंड स्वभावाच्या आयांना दोष देत; ते म्हणणं केव्हाच मोडीत निघालं. तुमच्या घरात ते पुन्हा सुरू व्हायला नको. आणि आईला हे तुम्ही सांगायचं, सुनेने नाही. बायकोच्या समोर सांगा, म्हणजे तिलाही ऐकू येईल.

बायको गप्प आहे म्हणता. मला येणाऱ्या पत्रांत आईला बापाच्या आधी शंका आलेली असते असंच बहुधा दिसतं, आणि ती बोलली की घरातले तिला वेड्यात काढतात. तुमच्याकडे तसं झालं असेल असं नाही, पण एकदा विचारा, 'तुला पहिल्यांदा कधी वाटलं?' आणि ती सांगेल ते मधेच न तोडता ऐका. समजूत घालायला जाऊ नका.

इंजेक्शनचा संशय. एमएमआर आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा लेख १९९८ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, त्यातली लबाडी उघडी पडल्यावर २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासून २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं गेलं की संबंध नाही. काही मुलांचे आलेले शब्द दीड-दोन वर्षांच्या सुमाराला जातात, तेच वय लशीचंही असतं, म्हणून आईबापांना तसं वाटतं. छोटूचे शब्द तसे गेले असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. पण चार ते सहा वर्षांच्या मधला डोस या भीतीपोटी चुकवू नका. गोवर हा खेळ नाही.

स्टेम सेलबद्दल एकच वाक्य पुरे: राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट म्हटलंय. मित्राचे आभार माना आणि पत्ता डिलीट करा. तुमचे लाख-दोन लाख थेरपीला लागतील.

भेटीच्या दिवशी दोघंही जा आणि रजा पूर्ण दिवसाची टाका, हाफ डे नको. आजीला पहिल्या भेटीला नेऊ नका. तिच्यासाठी वेगळी वेळ मागा, बरीच केंद्रं देतात. छोटूला शेजारी किंवा मावशीकडे ठेवता आलं तर बघा, नाहीतर अर्धं लक्ष त्याच्यात राहतं. निदानाचा शब्द कानावर पडला की पुढची दहा मिनिटं बहुतेकांना काही ऐकू येत नाही, म्हणून प्रश्न घरून लिहून न्या: हे कशावरून म्हणता, त्याला चांगलं काय जमतं, पुढच्या तीन महिन्यांत घरी कोणत्या दोन गोष्टी करायच्या. दोनच विचारा. वीस सांगितल्या तर एकही होत नाही.

ऑटिझम निघाला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो येतो. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. त्यावर निरामय विमा योजना घेता येते, तिची मर्यादा वर्षाला एक लाखाची आहे आणि थेरपीचा काही खर्च त्यात बसतो. मान्यताप्राप्त शाळेला त्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. नाकारत नाहीत असं मी म्हणत नाही, पण कायदा तुमच्या बाजूने आहे. कार्ड काढायची घाई पहिल्या आठवड्यात नको. त्याऐवजी फोरम फॉर ऑटिझम हा पालकांचा गट मुंबईत आहे, त्यातल्या एखाद्या बापाशी बोला. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा बाप मिळाला तर उत्तम. त्याच्याकडून जे कळेल ते मी इथे लिहू शकणार नाही.

आकडे चुकण्यावर गोष्ट थांबली असेल तर ठीक. झोप अजिबात लागत नसेल, गाडीत छातीत धडधडत असेल, तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. फलाटावरच्या बाकड्यावर बसून फोन करा, घरात जागा नसते हे मला माहीत आहे.

आणि गणपती. जा. तिकीट तुम्ही दोन महिने आधीच काढून ठेवलं असणार, चाकरमान्याला ते सांगायला नको. आत्तापासून छोटूला गावच्या घराचे, गाडीचे, गणपतीच्या मखराचे फोटो दाखवायला लागा, रोज तेच, त्याच क्रमाने. कान झाकणारे मफ्स विकत घ्या आणि घरी आधी खेळात घालून बघा. आरतीच्या ऐन वेळी पहिल्यांदा घालायला गेलात तर फेकून देईल. टाळ-मृदंग सुरू झाले की त्याला घेऊन खळ्यात उभे राहा, देवाला राग येत नाही. मागची एखादी खोली त्याची ठरवा, त्याचीच चादर, त्याचंच झाकण. जेवणावरून कोणी बोललं तर बोलू दे, पाच दिवस दहीभात खाल्ला म्हणून काही होत नाही.

एका बाबतीत मात्र हयगय नको. भाद्रपदात घरामागचा व्हाळ भरून वाहत असतो, आणि गावच्या विहिरींना कठडा असेलच असं नाही. ज्या मुलांना हाक ऐकून थांबायची सवय नसते ती माणसांच्या गर्दीतून गुपचूप बाहेर पडतात, आणि पाण्याची ओढ पुष्कळांना असते. 'सगळे आहेत, कोणीतरी बघेल' असं म्हणू नका. तासातासाला एकाचं नाव ठरवा, आत्ता छोटू कोणाकडे. शर्टाच्या आतल्या बाजूला तुमचा मोबाइल नंबर लिहून ठेवा.

काका-मामी विचारतील, अजून बोलत नाही काय रे? 'तपासणी चालू आहे, कळलं की सांगतो' एवढंच म्हणा आणि मोदक वाढायला उठा. परतीचं तिकीट भेटीच्या आदल्या रात्रीचं असेल तर ते बदला, तत्कालचे पैसे गेले तरी चालतील; रात्रभराच्या गाडीतून उतरून थेट डॉक्टरांसमोर बसू नका.